वर्गातलं इंटरॅक्टिव्ह पॅनल: भिंतीवर बसवण्यापासून मुलांच्या हाती देण्यापर्यंत

शाळेत इंटरॅक्टिव्ह पॅनल, म्हणजे बोटाने चालणारा मोठा डिजिटल फळा, आलं की पहिले काही दिवस त्यावर कवितांचे आणि गोष्टींचे व्हिडिओ चालतात. मुलं खूश, गावही खूश. मग एके दिवशी लाइट येते-जाते, टच बिघडतो, आणि पॅनलवर कापड टाकलं जातं ते कायमचंच. हे टाळायचं तर विजेचा, उन्हाचा आणि धुळीचा बंदोबस्त आधी करायला हवा. पॅनल हा मुलांनी हात लावायचा आणि लिहिलेलं जपून ठेवणारा फळा आहे, हेही पहिल्या दिवसापासून ठरवून घ्यायला हवं. नुसते व्हिडिओ दाखवायला साधा टीव्ही त्याहून बराच स्वस्तात येतो.

जागा, उंची आणि भिंत

पडद्याची उंची मोजा आणि तिला सहाने गुणा. जे उत्तर येईल, त्याहून लांब बसलेल्या मुलाला पुस्तकाचं अख्खं पान वाचता येत नाही. ६५ इंची पडदा ८१ सेंटिमीटर उंच असतो, म्हणजे साधारण १६ फूट. ७५ इंचीचा ९३ सेंटिमीटर, म्हणजे १८ फूट. ८६ इंचीचा १०७ सेंटिमीटर, म्हणजे २१ फूट. वर्ग २४ फूट लांब आणि पॅनल ६५ इंची असेल तर दोनच मार्ग उरतात. पॅनल लांबीच्या भिंतीवर मध्यभागी घ्या, नाहीतर पान मोठं करून अर्धं-अर्धं दाखवा.

पॅनल बसवायला आलेला माणूस ते आपल्या नजरेच्या उंचीवर लावून मोकळा होतो. त्याला तिथेच थांबवा. पहिली ते चौथीच्या वर्गात पडद्याची खालची कड जमिनीपासून ६० ते ७० सेंटिमीटरवर हवी. पहिलीतल्या मुलाचा हात उंच करून सव्वा-दीड मीटरपर्यंतच पोचतो. कड १ मीटरवर गेली तर अर्ध्याहून जास्त पडदा त्याच्यासाठी नसल्यातच जमा. पाचवीच्या पुढे ८० ते ९० सेंटिमीटर चालतं. चौरंग किंवा स्टूल ठेवून भागवू नका, मुलं पडतात.

७५ इंची पॅनलचं वजन साधारण ५० किलोच्या आसपास असतं. नऊ इंची विटांच्या पक्क्या भिंतीत १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट ते पेलतात. जुन्या दगड-मातीच्या भिंतीत मात्र बोल्ट धरत नाहीत, वरचं प्लास्टर कितीही गुळगुळीत असलं तरी. ड्रिल मारताना आतून लाल विटेऐवजी माती सांडू लागली तर काम तिथेच थांबवा आणि चाकांचं लोखंडी स्टँड मागवा. चाकांना लॉक हवंच. भिंत आणि पॅनल यांच्यात चार बोटं मोकळी ठेवा, म्हणजे मागच्या जाळीतून गरम हवा निघून जाईल.

खिडकीच्या समोरच्या भिंतीवर पॅनल नको, काचेत खिडकीच दिसत राहते. खिडकी ज्या भिंतीत आहे तिला काटकोनात असलेली भिंत निवडा. यात चकाकीपेक्षाही मोठं एक कारण आहे, ते टचच्या भागात येईल.

वीज

आपल्या मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत पॅनलचं सर्वांत मोठं नुकसान विजेमुळे होतं, मुलांमुळे नाही. बहुतेक पॅनल १०० ते २४० व्होल्टवर चालतात, त्यामुळे व्होल्टेज कमी झालं म्हणून ती सहसा जळत नाहीत. धोका असतो तो गेलेली लाइट परत येण्याच्या क्षणाला, तेव्हा दाब एकदम उसळतो. म्हणून लाइट गेली की रिमोटवर भरवसा न ठेवता भिंतीवरचं बटण बंद करा आणि लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबूनच चालू करा. जादा दाबाला आपोआप तोडणारा स्टॅबिलायझर बसवला तर उत्तम.

अर्थिंग तपासल्याशिवाय पॅनल जोडू देऊ नका. वायरमनला मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३०च्या आसपास, फेज आणि अर्थिंगमध्ये जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल व अर्थिंगमध्ये ३ व्होल्टच्या आत आकडा यायला हवा. फेज-अर्थिंगचा आकडा बराच कमी असेल किंवा सारखा हलत असेल तर अर्थिंग नावापुरतं आहे. पॅनलच्या धातूच्या कडेला हात लावल्यावर झिणझिण्या येणं हीसुद्धा त्याचीच खूण. तेव्हा पॅनल ताबडतोब बंद करा आणि मुलांना लांब ठेवा.

आपल्याकडे एक गोष्ट हमखास घडते. पावसाळ्यात तपासलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये निकामी होतं. काळी माती वाळली की आकसते, भेगाळते, आणि अर्थिंगची पट्टी व माती यांच्यातला संबंध सुटतो. फेब्रुवारीपासून पाऊस पडेपर्यंत दर आठवड्याला अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओता. खड्डा कुठे आहे हे शाळेत कुणालाच माहीत नसेल तर आजच शोधा आणि भिंतीवर खूण करून ठेवा.

बॅकअपचा हिशेब सोपा आहे. पॅनल किती वॉट घेतं ते त्याच्या मागच्या लेबलवर असतं. ते २०० वॉट धरू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरच्या बॅटरीत १,८०० वॉट-अवर साठतात, पण बॅटरी तळापर्यंत उतरवायची नसते आणि इन्व्हर्टरही थोडी वीज खातो. हाती साधारण हजार-अकराशे लागतात, म्हणजे पाच तास. त्याच इन्व्हर्टरवर ७० वॉटचे दोन पंखे लावले की तेच तीन तासांवर येतं. इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्हचाच घ्या. संगणकाचा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस तासिका चालवायला पुरत नाही, काम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरताच त्याचा उपयोग.

मृगाच्या आधीचा वळवाचा आणि परतीचा पाऊस, या दोन्ही वेळा आपल्याकडे विजा फार पडतात. आभाळ भरून आलं की पॅनलचा प्लग ओढा आणि बाहेरून आलेली इंटरनेटची केबलही काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही.

उन्हाळ्याचंही ध्यानात ठेवा. बहुतेक पॅनलांची मर्यादा ४० अंश सेल्सिअस असते. पत्र्याच्या खोलीत मार्चमध्येच दुपारी हा आकडा ओलांडतो. सकाळची शाळा सुरू झाली की पॅनलच्या तासिका पहिल्या दोन तासांत घ्या. नंतर चित्र अडखळू लागलं किंवा पॅनल आपोआप बंद झालं तर तो बिघाड नव्हे, यंत्र स्वतःला वाचवतंय. अर्धा तास विश्रांती द्या.

टच बिघडतो तो का

बहुतेक शालेय पॅनलांत काचेला स्पर्श कळत नाही. चौकटीच्या कडांमधून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची जाळी काचेवरून जात असते. बोट मध्ये आलं की किरण अडतात आणि स्पर्शाची जागा ठरते. एवढं समजलं की निम्म्या तक्रारींचं उत्तर आपलं आपल्याला सापडतं.

बोट, पेन, काठीचं बोथट टोक, काहीही चालतं, म्हणून पेन हरवला तरी तासिका थांबत नाही. पण किरणं अडवणारी प्रत्येक गोष्ट स्पर्श ठरते: साडीचा पदर, ओढणी, सैल बाही, पडद्यावर बसलेली माशी. लिहिताना मध्येच दुसरीकडे रेघ उमटली तर आधी स्वतःच्या कोपराकडे आणि पदराकडे बघा. चौकटीवर थेट ऊन पडलं की उन्हातल्या अवरक्त किरणांनी जाळी गोंधळते आणि पडदा आपोआप क्लिक होऊ लागतो. खिडकीबद्दलचं कारण हेच. असं झालं तर सॉफ्टवेअरच्या मागे लागण्याआधी खिडकीचा पडदा ओढून बघा.

खडूची भुकटी चौकटीच्या खाचेत साठली की त्या पट्ट्यात स्पर्श मरतो. तपासायचं असं: पांढरं पान उघडा, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात सलग रेघ ओढा, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांतून. रेघ जिथे तुटते, त्याच्या सरळ रेषेत वर-खाली आणि डावी-उजवीकडे चौकटीत घाण आहे. पॅनल बंद करा आणि रंगकामाच्या कोरड्या मऊ ब्रशने खाच झाडा. काच आधी कोरड्या मायक्रोफायबर कापडाने, मग गरज वाटली तर किंचित ओल्या कापडाने पुसा. पाणी कापडावर घ्यायचं, काचेवर कधीच फवारायचं नाही, ते ओघळून खालच्या चौकटीत उतरतं. थिनर, रॉकेल वर्ज्य. आठवड्यातून एकदा एवढं पुरतं. खडूचा फळा त्याच भिंतीवर असेल तर निदान चार फूट लांब न्या.

सफाईनंतरही त्याच जागी रेघ तुटली तर दुरुस्तीवाल्याला बोलवा. बोलवताना पॅनलचा अनुक्रमांक, बसवल्याची तारीख आणि तुटणाऱ्या रेघेचा अर्ध्या मिनिटाचा मोबाइल व्हिडिओ पाठवा. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, नोंद करतानाच हा अनुक्रमांक आणि वॉरंटीची मुदत लिहून ठेवलेली असली की ऐनवेळी पॅनलच्या मागे टॉर्च मारत बसावं लागत नाही.

लॅपटॉप जोडताना

लॅपटॉप जोडला, चित्र आलं, पण पडद्यावर बोट लावून काहीच होत नाही. ही सर्वाधिक विचारली जाणारी अडचण. एचडीएमआय केबल फक्त चित्र आणि आवाज नेते. स्पर्श लॅपटॉपकडे परत नेण्यासाठी वेगळी यूएसबी केबल लागते, ती पॅनलवर ‘टच’ लिहिलेल्या चौकोनी खाचेत जाते. ती पाच मीटरपेक्षा लांब घेऊ नका, टच अधूनमधून सुटतो. एचडीएमआयच्या दोन-तीन खाचा असतील तर प्रत्येकीची टचची खाच ठरलेली असते, क्रमांक जुळवून घ्या.

बोट पॅनलवर आणि बाण लॅपटॉपवर फिरत असेल, तर विंडोजने स्पर्श चुकीच्या पडद्याला जोडलाय. विंडोजचं बटण आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा, बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

मराठी अक्षरं

जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका पॅनलवर उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसतो. कारण ती अक्षरं मुळात इंग्रजीच्याच जागेवर बसवलेली असतात आणि पॅनलमध्ये तो फॉन्ट नसतो. फाइल ज्या संगणकावर नीट दिसते तिथेच तिची पीडीएफ करून आणा. नवं काही करायचं तर युनिकोडमध्येच करा. पॅनलच्या सेटिंगमध्ये भाषा आणि कीबोर्डमध्ये मराठी एकदा घालून ठेवली की शोधपट्टीतही मराठीत लिहिता येतं.

अक्षराचा आकार हा नेहमी दुर्लक्षिला जाणारा भाग. दर दहा फुटांना एक इंच उंची हा साधा अंदाज आहे, पण देवनागरीत तो कमी पडतो. रफार, अनुस्वार, उकार या बारीक खुणा अक्षराच्या वर-खाली असतात आणि लांबून त्याच आधी पुसट होतात. २० फूट खोल वर्गात मूळ अक्षर दोन इंच नव्हे, अडीच इंच ठेवा. शेवटच्या रांगेत स्वतः जाऊन मुलांसारखं खाली बसा आणि ‘कुल’ आणि ‘कूल’ यांतला फरक दिसतो का ते बघा. दिसत नसेल तर आकार वाढवा. उजेडाच्या वर्गात पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळं अक्षर ठेवा, गडद पार्श्वभूमीवर काचेतली चकाकी उलट जास्त जाणवते.

एक तासिका जवळून

चौथीचा अपूर्णांक घेऊ. वर्गात आधी कागदाची गोल भाकरी प्रत्येकाने कापून, दोनदा घडी घालून तिचे चार समान भाग करायचे. हाताला चतकोर कळल्याशिवाय पॅनल चालू करू नका. मग व्हाइटबोर्ड, म्हणजे पॅनलमधलं लिहायचं ॲप, उघडा आणि आकारांच्या साधनातून गोल घ्या. हाताने काढलेला गोल वाकडा येतो आणि मग ‘भाग समान आहेत का’ हा मुख्य प्रश्नच बिघडतो. दोन रेघांनी चार भाग करा. आता गोल आणि दोन्ही रेघा निवडून एकत्र बांधा, म्हणजे ‘ग्रुप’ करा. ही पायरी राहिली की मूल भाकरी ओढायला जातं आणि नुसती रेघच हातात येते.

या भाकरीच्या पाच प्रती करा. एकीत एक भाग रंगवलेला, दुसरीत दोन, तिसरीत तीन. चौथीत चारही भाग असमान ठेवून एक रंगवा. पाचवी कोरी. शेजारी एक-चतुर्थांश, दोन-चतुर्थांश, तीन-चतुर्थांश अशा चिठ्ठ्या. एक मूल येऊन चिठ्ठी योग्य भाकरीखाली ओढतं, बाकीची आपापल्या पाटीवर उत्तर लिहून पाटी उंच धरतात. पाटी ठेवलीच पाहिजे. नाहीतर एक मूल शिकतं आणि एकोणतीस बघत बसतात. असमान भागांच्या भाकरीखाली कुणीतरी एक-चतुर्थांश ठेवणारच. ठेवू द्या, लगेच पुसू नका. ‘यातला कोणता चतकोर तू घेशील?’ एवढंच विचारा.

वस्तू निवडण्याच्या किंवा सरकवण्याच्या स्थितीत दोन मुलांनी एकदम हात लावला की बहुतेक व्हाइटबोर्ड त्याला दोन बोटांचा इशारा समजतात आणि पान लहान-मोठं होऊ लागतं. म्हणून ओढायच्या कामाला एका वेळी एकच मूल, लिहायच्या कामाला दोघं-तिघं चालतात.

याच पद्धतीने मराठीत ‘र’ची चार रूपं घेता येतात. चार रकाने करा आणि सूर्य, पर्वत, वर्ग; चक्र, ग्रह, प्रश्न; ट्रक, ड्रम, राष्ट्र; कैऱ्या, पायऱ्या, तऱ्हा हे बारा शब्द मिसळून टाका. मुलांनी ओढून लावायचे. ‘राष्ट्र’ आणि ‘चक्र’ एकाच रकान्यात पडतील, तिथे थांबून दोन्ही शब्द मोठे करून ‘र’ची खूण बोटाने गिरवून घ्या. आदल्या दिवशी हे बारा शब्द पॅनलवर नीट उमटतात का ते पाहा, काही ॲपमध्ये ‘ऱ्या’ तुटून येतो.

भूगोलाला गुगल अर्थसारखं साधन दुसरं नाही. त्र्यंबकेश्वरपासून गोदावरी धरून पैठण, गंगाखेड, नांदेड करत खाली जा. पैठणला थांबा. जायकवाडीची मातीची भिंत पडद्यावर बारीक रेघेसारखी दिसते. मुलांना आधी अंदाज लिहायला लावा, मग मोजपट्टीचं साधन देऊन एका मुलाला मोजू द्या. जवळपास १० किलोमीटर भरते. तेवढंच अंतर आपल्या गावापासून कुठवर पोचतं, ते त्याच पट्टीने लगेच मोजा. रेंज भरवशाची नसेल तर शाळा भरण्यापूर्वी हा सगळा भाग एकदा फिरवून आणा आणि महत्त्वाच्या जागांचे स्क्रीनशॉट व्हाइटबोर्डवर ठेवा.

सातवी-आठवीच्या विज्ञानाला कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातले प्रयोग मोफत मिळतात, त्यांतले बरेच मराठीतही आहेत. प्रत्येक प्रयोग एक फाइल म्हणून उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवता येतो आणि इंटरनेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतो. विद्युत परिपथाचा प्रयोग उत्तम आहे, पण खरा सेल, खरी वायर आणि बल्ब टेबलावर हवाच. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात आणि दीक्षा ॲपवरचे पाठही आधीच उतरवून ठेवा. पेन ड्राइव्ह पॅनलला दिसला नाही तर तो एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट करा. मात्र त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही.

दोन शिक्षक, चार वर्ग

द्विशिक्षकी शाळेत पॅनल सगळ्यांत जास्त कामाला येतं, पण ते सगळ्या वर्गांना एकदम दाखवत बसलं की गोंधळ होतो. पडद्याचे दोन भाग करा. डावीकडे तिसरीच्या मुलांसाठी ओढायचं किंवा जुळवायचं काम, एक गटप्रमुख नेमून. उजवीकडे चौथीसाठी वहीत सोडवायची पाच उदाहरणं, मोठ्या अक्षरांत. आवाज पूर्ण बंद. गुरुजी किंवा बाई चौथीत बसतात. पंधरा मिनिटांनी अदलाबदल. व्हिडिओ लावून दुसऱ्या वर्गाकडे वळलं तर दोन्ही वर्गांचं लक्ष पडद्यावर जातं आणि काम कुणाचंच होत नाही. व्हिडिओ हवा असेल तर तीन मिनिटांचा, दोन्ही वर्गांसाठी एकत्र, आणि दोनदा थांबवून प्रश्न विचारत.

फळा जपून ठेवणं

खडूचा फळा पुसला की गेला. पॅनलवरचं पान राहतं, आणि आपल्या भागात त्याची किंमत फार मोठी आहे. बीड, धाराशिव, जालना, परभणीच्या कितीतरी गावांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला कुटुंबं निघतात आणि मुलं मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्या मधल्या महिन्यांचे पाठ त्यांच्यासाठी ठेवता येतात.

रोज तासिका संपताना ‘सेव्ह’ करून पीडीएफ काढा, दोन मिनिटांचं काम आहे. नाव एकाच पद्धतीने द्या: इयत्ता, विषय, घटक, तारीख. ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशा नावांच्या शंभर फाइलींतून महिन्याने काहीच सापडत नाही. मुलाचं उत्तर चुकलेलं असेल तर चूक आणि दुरुस्ती दोन्ही पानावर राहू द्या, मागाहून वाचणाऱ्याला तेच उपयोगी पडतं. शनिवारी आठवड्याची पानं पेन ड्राइव्हवर आणि मुख्याध्यापकांच्या संगणकावर, अशी दोन ठिकाणी ठेवा. पॅनलची साठवण भरली किंवा दुरुस्तीत ते कोरं करावं लागलं तर त्यातलं सगळं जातं.

ज्या पालकांकडे फोन आहे त्यांना फडावर आठवड्यातून एकदा तीन-चार पानंच पाठवा. पन्नास पानं पाठवली तर डेटाही संपतो आणि वाचलं काहीच जात नाही. मूल परत आलं की त्याला मूळ व्हाइटबोर्ड फाइल उघडून द्या, पीडीएफ नव्हे. मूळ फाइलमध्ये भाकऱ्या अजून हलतात, चिठ्ठ्या परत बाजूला ओढता येतात. जोडीला त्या दिवशी वर्गात असलेलं एक मूल बसवा आणि मधल्या सुट्टीनंतरची पंधरा मिनिटं पॅनल त्या दोघांसाठी राखून ठेवा.